पहिला बहार धरू नका



बारामतीहून इंदापूरला जायचे तर पहाटे निघावे. हाच तुकोबांच्या पालखीचा रस्ता. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी गावे एकामागून एक लागतात. आषाढात काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण. अश्व धावताना पाहायला सारी पंचक्रोशी लोटते. पण आषाढ नसला तरी या वाटेवर धावणारे भेटतातच. उसाच्या कडेने, नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून, बारा-चौदा वर्षांची पोरेपोरी धापा टाकत जातात. मागे मोटारसायकलवर बाप किंवा चुलता, हातात मोबाईलचे घड्याळ. कृषी खात्याच्या नोकरीत या भागात पुष्कळ फिरलो. हे दृश्य मला फार आवडते, आणि थोडी काळजीही वाटते.

निमगाव केतकीला पानमळे आणि डाळिंबाच्या बागा दिसतील. डाळिंबाचे तुम्हाला मी काय सांगावे! लागवडीनंतर पहिली दोन वर्षे फुले आली तरी आपण ती काढून टाकतो, बहार धरत नाही. बाजारभाव डोळ्यांपुढे असतो, मोह होतो, तरी आवरतो. आधी खोड आणि सांगाडा तयार झाला पाहिजे हे आपल्याला ठाऊक असते. मग झाडाशी धरतो तो धीर पोराशी का धरत नाही?

बाराव्या वर्षीच्या स्पर्धेत कोण जिंकते ते नीट बघा. पुष्कळदा जो आधी वाढला तो. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची तेराव्या-चौदाव्या. एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या शरीरांत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. मिशी फुटलेल्याला आपण पैलवान ठरवतो आणि किडकिडीत पोराला म्हणतो, "तुझे काही खरे नाही." तो किडकिडीत सतराव्या वर्षी पुढे निघायचा असतो, पण तोवर त्याने मैदान सोडलेले असते.

बेलवाडीच्या पुढच्या एका वस्तीवर मला एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, पोरगं बारा वर्षांचं आहे. दुभती गाय विकतो आणि लांबच्या तालमीत टाकतो. शाळा काय, नंतर बघू." पोराला बोलावले. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलेले. रोज तेल चोळून पळवत होते. वाढीच्या वयात जिथे स्नायूची शीर हाडाला धरते तिथे ताण बसला की असे होते. त्यावर विश्रांतीच लागते, जोर नव्हे. हाडांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. गाय अजून गोठ्यात आहे. पोरगा शाळेकडून खो-खो खेळतो आणि संध्याकाळी गावच्याच तालमीत जातो.

जुने चांगले वस्ताद हे जाणून होते. यात्रेच्या फडात लहानग्यांची कुस्ती रेवड्यांवर लागे. तालमीत नवे पोर आले की आधी हौदा उकरायचा, मातीत ताक, हळद, तेल मिसळायचे, जोर-बैठका मारायच्या. इनामाच्या कुस्तीला त्याला घाईने सोडत नसत.

आता अलीकडची उदाहरणे पाहा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथे त्याने नेमबाजी निवडली. पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळाले ते २०२४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी! मधल्या काळात रेल्वेत नोकरीही केली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला मैलोगणती पायी जाई, पण अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला तो सैन्यात गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण. शाळेची वाट हेच त्याचे पहिले मैदान.

म्हणून चौदा वर्षांपर्यंत पोराला सगळे खेळू द्या. खो-खो, कबड्डी, विहिरीत पोहणे, झाडावर चढणे. एकाच खेळाचा सराव आठवड्यात किती तास, याचा एक सोपा हिशेब खेळाचे डॉक्टर सांगतात: वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नको. तेरा वर्षांच्या पोराला तेरा तास पुरे. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. झोप आठ-नऊ तास हवीच, कारण पहाटे चारला उठवून रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहू दिला तर खुराकाचा काय उपयोग? खुराक म्हणजे डब्यातली पावडर नव्हे. भाकरी, दूध, अंडी, शेंगदाणे, मटकी, हुलगा, पालेभाजी आपल्या घरात आहे. कोणी इंजेक्शन सुचवले तर त्याला दारातूनच परत पाठवा.

वजनाचा प्रकार तर फारच वाईट. खालच्या गटात बसावे म्हणून पोराला उपाशी ठेवतात, पाणी तोडतात, स्वेटर घालून पळवतात. अमेरिकेत १९९७ साली कॉलेजचे तीन मल्ल पाच-सहा आठवड्यांच्या आत असेच वजन उतरवताना दगावले. ती तर वयाने मोठी मुले होती. वाढत्या पोराने वरच्या गटात खेळून हरावे, त्याने बिघडत नाही.

आयाबायांना एक सांगणे. मुलगी वयात आली की तिचे मैदान बंद करू नका. पाळीत खेळले तर काही होत नाही. मात्र खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "बरंच झालं" म्हणू नका. पोटात पुरेसे जात नसल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडे कच्ची राहतात. डॉक्टरांना दाखवा. अंगात रक्त किती तेही तपासून घ्या.

क्रीडा प्रबोधिनीत निवड चाचणीने घेतात. चाचणी केव्हा, वयाची अट काय, याची चौकशी शाळेच्या खेळाच्या मास्तरांकडे किंवा पुण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. जाताना पोराचा जन्मदाखला घेऊन जा, आणि वय कमी लावून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.