वाढत्या अंगाचे धनुष्य

कपडा शिवायचा तो वाढत्या अंगाचा, हा आमच्या घरचा दंडक. मुंजीतला माझा कोट मला मॅट्रिकच्या वर्षी नीट बसू लागला. तोवर त्याची कोपरे गेली होती. तरी शहाणपण आले म्हणाल, तर नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नातीला धनुष्य घ्यायला साताऱ्याहून पुण्याला निघालो, तो हाच हिशेब मनात बांधून.

नात बारा वर्षांची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सातारा जिल्ह्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी बर्लिनला जगज्जेती झाली, आणि आमच्या घरी बांबूचे धनुष्य आले. नातीचे बाण मात्र नेहमी डावीकडे जायचे. मी कडेला बसून ओरडायचो, "लक्ष कुठं आहे तुझं?"

दुकानामागे एक लांबट खोली होती, तिच्या टोकाला बाण झेलणारी जाड गादी. मी ऐटीत म्हणालो, "३० पौंडी दाखवा. पोर वाढती आहे."

दुकानदार तरुण होता, हसला. म्हणाला, "आजोबा, पात्यावरचं वजन २८ इंच ओढीचं असतं. ओढ इंचानं कमी, तर वजन साधारण २ पौंडांनी कमी. हिची ओढ २५ इंच. आणि मधली मूठ तीच ठेवून पुढं नुसती पाती बदलता येतात. वाढत्या अंगाची सोय धनुष्यातच आहे!"

तरी मी ते ३० पौंडी हाती घेतलेच. दोरी हनुवटीपर्यंत आली, आणि हात असे लटपटू लागले की ती सोडून मोकळा होणार, तोच त्याने माझे मनगट धरले. "बाण नसताना सोडायची नाही!" बाण जो जोर घेऊन जायचा, तो पात्यांतच जिरतो आणि पाती तडकतात म्हणे. पेन्शनीतून बाजूला टाकलेले पैसे तिथेच तडकायचे!

मग हलकी पाती चढवली. दोरी ओढून धरायची आणि त्याने आकडे मोजायचे. २४ पौंडांना नातीचा खांदा वर चढला. २० ला जागचा हलला नाही. तिने तीन बाण सोडले. तिन्ही डावीकडे. सवयीने माझे तोंड उघडले.

त्याने मला हाताने थांबवले. नातीला दोन्ही हात लांब करून पंजांची खिडकी करायला लावली आणि तिच्यातून भिंतीवरचा लाल ठिपका बघायला सांगितले. डावा डोळा मिटला, ठिपका नाहीसा. उजवा मिटला, ठिपका जागेवर.

"हिचा नेमाचा डोळा डावा आहे. उजव्या हातानं ओढते आणि नेम डाव्या डोळ्यानं धरते. बाण डावीकडंच जाणार. लिहिते कुठल्या हातानं?"

"उजव्या," मी घाईने म्हणालो.

नात माझ्याकडे बघत राहिली. चार वर्षांची असताना ती पाटीवर डाव्या हाताने रेघोट्या ओढायची, ताटातही डावाच हात यायचा. मारले नाही मी कधी. पण रोज शेजारी बसून तो हात बाजूला काढत राहिलो, अगदी वर्षभर.

"डावखुरी होती," मी म्हणालो. "मीच बदललं."

त्या पोराला त्याचे काहीच वाटले नाही. त्याने डावखुऱ्यांचे, वापरातले धनुष्य काढून दिले: मूठ उजव्या हातात, दोरी डाव्या. पुन्हा तीन बाण. एक वर, एक खाली, आणि एक उजवीकडे. उजवीकडे गेलेला तिच्या आयुष्यातला पहिला बाण! ती केवढ्याने हसली!

तिच्या मापाचे, ६४ इंची डावखुरे धनुष्य शिल्लक नव्हते. आगाऊ रक्कम भरून परतलो.

एस.टी. खंबाटकीचा घाट चढू लागली तेव्हा तिने विचारले, "आजोबा, अर्जुनाला सव्यसाची का म्हणायचे?"

"डाव्या हातानंही बाण मारायचा म्हणून." ही गोष्ट तिला मीच कितीदा सांगितली होती.

"मग त्याला भीष्म काही बोलले नाहीत?"

तिने भडंगाची पुडी उघडली आणि डाव्या हाताने खाऊ लागली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. थोड्या वेळाने तिने पुडी माझ्यापुढे धरली.