ओठ हलवायचे नाहीत, गायचं!

मनू,

१७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला तुमच्या सोसायटीत राज्यगीत लागलं, माणसं ताठ उभी राहिली आणि गायला फक्त स्पीकर, हे वाचून वाईट वाटलं. पण राग आला तो तुझ्या शेवटच्या प्रश्नाचा. ‘आत्या, पुढच्या वेळी चार चांगले गाणारे बोलावू का?’ भजनवाल्या नानांच्या घरातली पोर असं विचारते?

अगं, चांगले गाणारे आणून ठेवले म्हणूनच तर बाकीचे गप्प झाले! २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत आहे. शब्द राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज शाहीर साबळ्यांचा. तो खडा, चढा आवाज कर्ण्यातून कानावर आदळत असताना सिडकोतला बँकेत जाणारा माणूस तोंड उघडेल कसा? त्याला वाटतं, आपण काय गाणार!

गुलमंडीच्या एकादशीच्या भजनात अशी लाज कधी दिसली का तुला? नाना वीणा घेऊन उभे राहायचे, चरण एकच जण म्हणायचा आणि ध्रुपद सगळे उचलायचे. ध्रुपद लहान, पुन्हा पुन्हा येणारं. दुसऱ्या खेपेला नवखाही धरायचा. चुकलेला सूर टाळांत विरून जायचा. आणि नाना पट्टी मुद्दाम खालची धरत, म्हणजे कुणाचीच ओढाताण होत नसे. काकूंचा सूर जन्मात लागला नाही, पण त्यांना थांब म्हणायची कुणाची छाती नव्हती. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटवर जाऊन बघ. भीमगीतं म्हणणारी माणसं आधी गळा तपासून येतात का?

आणि मुक्तिसंग्रामाच्या दिवशी तरी या गावानं मुकं राहू नये. १९३८ साली निजामी राजवटीत इथल्या, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली पोरं प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणायला लागली. बंदी आली, तरी म्हटलं. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाची पोरंही उठली. कॉलेजातून काढून टाकलं, तेव्हा कितीतरी जणांनी नागपूर विद्यापीठ गाठलं. त्यांतले सगळे काय सुरेल होते? शिक्षण पणाला लावून गायली ती पोरं, आणि आपल्याला शेजारी काय म्हणतील याची भीती!

खरी काळजी मला वेगळीच लागली आहे. गॅदरिंगच्या समूहगीतात लेकीला ‘तू नुसते ओठ हलव’ असं बाईंनी सांगितलं, हे तू जाता जाता एका ओळीत लिहिलंस. हल्ली ती घरातही गुणगुणत नाही म्हणतेस. मनू, हे जाता जाता लिहायचं असतं का? आठव्या वर्षी लागलेलं असं कुलूप चाळिशीतही निघत नाही. तुमच्या आवारात मुकी उभी होती त्यांतल्या कितीजणांना लहानपणी कुणीतरी हेच सांगितलं असेल! पोरीला क्लास लावू नकोस एवढ्यात. तिथं पुन्हा परीक्षाच. रात्री भांडी घासताना तिच्याबरोबर गा. चुकली तर टोकू नकोस, तू चुकलीस तर थांबू नकोस.

आणि २६ जानेवारीला स्पीकर बंद ठेव. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं, सगळ्यांना पाठ. लेकीला शेजारी उभी कर आणि सुरुवात तूच कर, खालच्या पट्टीत. पहिल्या ओळीला चौघंच म्हणतील. तरी थांबू नकोस.

तुझी,
आत्या