नकळत सुटत नाही ती

एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात, रिक्षाच्या पाठीवर एक जाहिरात हमखास दिसते. 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.' खाली मोबाइल नंबर. चहात किंवा भाजीत पावडर मिसळायची, की माणूस सुधारलाच. ही जाहिरात पिणाऱ्यासाठी नसतेच. ती असते त्याच्या बायकोसाठी, आईसाठी, भावासाठी. म्हणजे आमच्यासारख्यांसाठी.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. चाकणला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. नाइट करून आल्यावर झोप लागावी म्हणून एक क्वार्टर, अशी सुरुवात झाली. पुढे क्वार्टरला झोपेचं कारण लागेना. वहिनीने नवस केले. दादाने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तुळशीची माळ घातली. माळ साडेतीन महिने टिकली.

मग मी मीटिंग शोधायला बसलो. सॉफ्टवेअरवाला माणूस, आधी शीट उघडली. वार, वेळ, भाषा, घरापासून अंतर, दादाच्या शिफ्टमध्ये बसते का. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या म्हणजे 'एए'च्या मीटिंग आपल्याकडे शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या एखाद्या खोलीत भरतात. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. शेवटी वर्गणी गोळा करतात, तीही ऐच्छिक. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. शीटमध्ये आणखी एक कॉलम टाकावा लागला. 'ओपन' मीटिंगला कुणीही बसू शकतं, 'क्लोज्ड' फक्त पिणाऱ्यांसाठी.

हे सगळं सुरू कसं झालं, तेही वाचलं. १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून काही महिने झालेले. सौदा फिसकटला, हॉटेलात एकटा, समोर बार. त्याने चर्चला फोन लावायला सुरुवात केली, मला बोलायला एखादा दारुडा हवाय म्हणून. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ हा सर्जन भेटला. बॉबने शेवटचा घोट घेतला १० जूनला, तोच एएचा स्थापना दिवस मानतात. मला यातला फोन महत्त्वाचा वाटतो. तो बिलच्या बायकोने लावला नव्हता, त्याने स्वतः लावला होता.

माझ्या शीटमध्ये सगळं होतं, फक्त दादा नव्हता.

पण मीटिंगच्या आधी डॉक्टर गाठावा लागला. सकाळी दादाचे हात थरथरायचे, चहाचा कप बशीवर वाजायचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. मीटिंग म्हणजे हॉस्पिटल नव्हे. आपल्याकडे त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. दादाला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठवडाभर वहिनीने रजा काढली.

पुढच्या गुरुवारी ओपन मीटिंग होती. महापालिकेची शाळा, तिसरीचा वर्ग, फळ्यावर अर्धवट पुसलेला पाढा. मोठाली माणसं गुडघे दुमडून लहान बाकांवर बसलेली. एकेक जण उठायचा, नाव सांगायचा आणि म्हणायचा, 'मी अल्कोहोलिक आहे.' पुढे जे बोलले ते इथे लिहिणार नाही. तिथलं तिथेच ठेवायचं असतं. एवढंच सांगतो, की कुणी उपदेश केला नाही आणि दोनदा सगळे खळखळून हसले. दादाही हसला. मी खूप दिवसांनी ते पाहत होतो.

तो बोलला मात्र काहीच नाही. परत येताना बाइकवर मागून म्हणाला, "पुढच्या वेळी तू बाहेर थांब."

मी बाहेर थांबतो. टपरीवर चहा घेतो. आत काय बोलतो ते विचारत नाही, आणि हे न विचारणं मला सगळ्यात जड जातं. घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' नावाची वेगळी मीटिंग असते. बिल विल्सनची बायको लुईस हिने १९५१ मध्ये तिची उभारणी केली. वहिनी तिथे जाते. पूर्वी ती रोज दादाच्या शर्टाचा वास घ्यायची, बाटलीवर पेनाने खूण करायची. परवा म्हणाली, "भाऊजी, काल रात्री मी सलग सहा तास झोपले."

गणपतीत दादा एकदा घसरला. दोन दिवस प्यायला, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी मीटिंगला गेला. तिथे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे असतात. आज त्रेपन्नावा.

शीट मी त्यालाही शेअर केली होती. गेल्या आठवड्यात तिच्यात एक नवी ओळ दिसली. रविवार, सकाळी साडेनऊ, भोसरी, क्लोज्ड. शेरा: 'नाइट संपवून थेट जाता येतं.' ती मी टाकलेली नव्हती.