झोपलेल्या पेशंटला उठवताना

परभणीत आयसीयूत नर्स म्हणून काम करताना नातेवाइकांचा राग मी सर्वांत जास्त ओढवून घेतला तो एकाच कारणावरून. मेंदूचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला मी रात्री सलग झोपू देत नाही.

पाथरी तालुक्यातले एक सत्तरीचे शेतकरी बैलगाडीवरून पडले. तेव्हा काहीच जाणवलं नाही. महिन्याभराने चालताना तोल जाऊ लागला. उतारवयात मेंदू आकसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ मारानेही रक्त हळूहळू साचत जातं. नांदेडला कवटीला छिद्रं पाडून ते काढलं आणि पुढच्या देखभालीसाठी काका आमच्याकडे आले.

एका रात्री मी टॉर्च घेऊन गेले, तर मुलगा म्हणाला, "सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. राहू द्या ना."

मी हाक मारली. संध्याकाळी नीट बोलणाऱ्या काकांनी दोन-तीन हाकांनंतर डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

"काका, कुठे आहात?"

"आखाड्यावर."

दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा हळूहळू खाली आला.

ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेल्या शुद्धीच्या मोजमापात डोळ्यांना ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ गुण असतात. संध्याकाळी काकांचे १५ होते, आता १३. बाहुल्या सारख्या होत्या, शुगर ठीक होती. डॉक्टरांना फोनवर हे सगळं आकड्यांत सांगितलं. उशाकडची बाजू ३० अंश वर केली, मान सरळ ठेवली, तोंडाने काही द्यायचं नाही असं बजावलं. सीटीत पुन्हा रक्त साचलेलं दिसलं. १०८ ने काका रातोरात नांदेडला गेले आणि पुढे स्वतःच्या पायांनी घरी परतले.

एक बाहुली मोठी होणं, बीपी चढून नाडी मंदावणं ही उशिराची लक्षणं आहेत. त्याआधीचा बदल ओळखायला सराव लागतो. ड्युटी बदलताना दोन्ही सिस्टरांनी पेशंटजवळ उभं राहून गुण एकत्र मोजावेत. मी तशीच शिकले. जिल्ह्याच्या प्रत्येक रुग्णालयात हा नियम व्हायला हवा.

नातेवाइकांनाही विनंती आहे. सिस्टर उठवायला आली तर उठवू द्या. पेशंटच्या बोलण्यात किंवा हातापायांत जराही फरक वाटला, तर सकाळची वाट न पाहता तिला बोलवा.