मत्स्यवेधासाठी धनुष्य निवडताना

मत्स्यवेध म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. खाली तेलाने भरलेली कढई, वर गरगर फिरणारा मासा, आणि नजर कढईत ठेवून आकाशात बाण सोडणारा अर्जुन. कीर्तनकारांनी, भिंतीवरच्या कॅलेंडरांनी आणि पुढे दूरचित्रवाणीने हे चित्र इतके पक्के केले आहे की, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत तो मासाच नाही, असे सांगितल्यावर वर्गात दरवर्षी नाराजीची कुजबुज होते. वि. स. सुकथनकरांनी संपादिलेल्या आणि १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वात द्रुपदाने अंतरिक्षात एक यंत्र उभारले आहे. त्याच्या छिद्रातून पाच बाण पार करून पलीकडचे लक्ष्य वेधायचे आहे. लक्ष्याला माशाचे रूप तेथे दिलेले नाही. प्रतिबिंबाची अटही नाही. धनुष्य तेवढे आहे, आणि ते इतके ताठ आहे की दोरी चढवू पाहणारे राजे त्याच्याच झटक्याने भुईवर आपटतात. मासा आणि कढई ही नंतरच्या कथनपरंपरेने घातलेली भर आहे.

हे सारे पुन्हा मनात घोळू लागले ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. मराठी घेऊन बी.ए. झालेला हा मुलगा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. धनुष्यबाणाने मासे मारणाऱ्या अमेरिकनांच्या चित्रफिती पाहून त्याने विचारले, "सर, नवशिक्याने धनुष्य कोणते घ्यावे, आणि त्यावर रीळ कोणते बसवावे?" हे मराठीच्या प्राध्यापकाला का विचारावे? तर म्हणे, "मत्स्यवेध तुम्हीच शिकवलात." आमचे बालपण भीमेकाठी गळ टाकण्यात गेले आणि विद्यापीठातल्या दिवसांत तिरंदाजीच्या मैदानावर दोन वर्षे बोटांना घट्टे पडले, एवढीच आमची पात्रता. तरीही आम्ही त्याचा प्रश्न मनावर घेतला.

त्याच्या मनात कंपाउंड धनुष्य भरले होते, आणि त्यात नवल नाही. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी जी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, ती याच धनुष्यावर. त्याच्या टोकांवरील चक्रांमुळे दोरी पूर्ण ओढली की भार एकदम हलका होतो आणि तिरंदाजाला निवांत नेम धरता येतो. पण मासा निवांतपणा देत नाही. पाण्यात सावली हलते न हलते तोच बाण सुटावा लागतो, कित्येकदा दोरी निम्मीच ओढलेली असताना. म्हणून मासेमारीसाठी चक्रे असूनही भार हलका न होणारी निराळी कंपाउंड धनुष्ये करतात. नवशिक्याला त्याचीही गरज नाही. टोके बाहेर वळलेले साधे रिकर्व्ह धनुष्य पुरते. सरद्यासारख्या फलटण तालुक्यातल्या गावातून टोकियोच्या ऑलिंपिकला गेलेल्या प्रवीण जाधवच्या हाती ज्या जातीचे धनुष्य होते, तीच ही जात. ओढ तीस-पस्तीस पौंडांची असावी. अंतर पाच-सात मीटरचे, आणि दिवसभरात दोरी शंभर वेळा ओढायची. तेथे द्रुपदाचे धनुष्य घेऊन काय करायचे?

रिळाची गोष्ट अधिक रंजक आहे. रीळ येथे मासा दमवण्यासाठी नसते, बाण परत आणण्यासाठी असते. पहिला प्रकार म्हणजे धनुष्याच्या पुढे बसवलेली एक गोल चकती, तिच्यावर दोरी हाताने गुंडाळायची. पतंगाची दोरी गुंडाळलेला कोणीही हे काम करील. दुसऱ्यात दोरी बाटलीसारख्या डब्यात पडते आणि मूठ फिरवून ओढून घेता येते. तिसरा प्रकार गळाच्या काठीवरच्या झाकणबंद रिळाचा. ते सर्वांत झटपट खरे, पण बाण सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी त्याची कळ दाबून दोरी मोकळी करावी लागते. कळ दाबायची राहिली तर दोरी तुटते, नाहीतर बाण उलट येतो. नवशिक्याला घाईत एकच गोष्ट आठवते, नेम. म्हणून आमचा कौल हाताने गुंडाळायच्या चकतीला. तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही, आणि हा मुलगा ती स्वतःच्या लेथवर अर्ध्या तासात करील.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. या बाणाला पिसे नसतात, कारण पाण्यात ती बाणाला भरकटवतात. तो फायबरचा, भरीव आणि जड असतो. पूर्वी दोरी त्याच्या शेपटाला बांधत. ती धनुष्याच्या प्रत्यंचेत अडकली की सुटलेला बाण फिरून थेट मारणाऱ्याच्या तोंडावर येई. आता बाणावर एक सरकती कडी बसवून दोरी तिला बांधतात, त्यामुळे बाण ओढलेला असतानाही दोरी प्रत्यंचेच्या पुढेच राहते. ही कडी नसलेला बाण कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

आणि मग नेम. कथेतला अर्जुन प्रतिबिंब पाहतो. परावर्तनाचा नियम सरळ आहे, आरसा फारसा फसवत नाही. पाण्यातल्या खऱ्या माशाकडे पाहणाऱ्याची गाठ अपवर्तनाशी असते. अगदी वरून पाहिले तरी चार फूट खोल मासा तीन फुटांवर भासतो; तिरके पाहिले तर आणखी वर. दहा फुटांवर, एक फूट खोल असलेल्या माशासाठी सुमारे चार इंच खाली नेम धरावा, असा त्या लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे जेथे मासा दिसतो तेथे तो नाही, हे डोळ्यांनी पाहत असताना हाताला पटवायचे. पोपटाच्या डोळ्याच्या गोष्टीवर वाढलेल्या पिढ्यांना हे जरा जड जाणार. अंदमानातले जारवा उथळ समुद्रात धनुष्याने मासे मारतात. त्यांचा हात हे शाळेवाचून शिकतो.

येथवर विद्यार्थी खूश होता. आमची अडचण पुढे सुरू झाली. गळाला लागलेला नको तो मासा सोडून देता येतो. बाण लागलेला सोडता येत नाही. कोणता मासा मारायचा, हे बाण सुटण्यापूर्वी ठरले पाहिजे, म्हणजेच सावलीवरून मासा ओळखता आला पाहिजे. चाकणच्या दक्षिणेला इंद्रायणी, उत्तरेला भामा. देहूच्या डोहातल्या माशांना लोक दाणे टाकतात, तेथे धनुष्य नेण्याची कल्पनाही कोणी करू नये. आळंदीला नदीवर फेसाचे थर आलेले आपण वर्तमानपत्रांत पाहिलेच आहेत. भामा आसखेडसारख्या जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. तेथे परवानगीवाचून उतरणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात कापणी करणे. अमेरिकेत बाण बहुधा बाहेरून येऊन माजलेल्या माशांवर चालतो. तसा आपल्याकडे १९५२ साली भारतात आणलेला चिलापी आहे. त्याच्यावर बाण चालवायला आमची हरकत नाही. पण त्याच पाण्यात आपलेही मासे आहेत.

कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९च्या सुमारास प्रसिद्ध केले, तेव्हा कोळ्या-भोयांच्या तोंडची मराठी नावेच त्याने लॅटिनात बसवली. शास्त्राच्या पुस्तकांत आजही खुद्री, कोलस, नुक्ता ही नावे आहेत. यातला नुक्ता म्हणजे आपला नकटा; त्याच्या नाकाडावरची खोल खाच पाहिली की नाव कसे पडले ते सांगावे लागत नाही. खुद्री म्हणजे महसीर, मुळामुठेतून साइक्सच्या हाती लागलेला. मराठीचे प्राध्यापक म्हणून आम्हाला हे वाचताना अभिमान वाटतो, आणि लाजही, कारण यांतला नकटा आम्ही प्रथम पाहिला तो पुस्तकातल्या चित्रात. आम्ही विद्यार्थ्याला ही नावे सांगितली तेव्हा त्याने मोकळेपणाने विचारले, "सर, चिलापी आणि कोळस वरून पाहिल्यावर वेगळे दिसतात का?" या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस महाविद्यालयात नाही. भामेकाठच्या एका वयस्क भोईदादांकडे आम्ही त्याला पाठवले.

तूर्त त्याने तीस पौंडांचे जुने रिकर्व्ह मिळवले आहे आणि चकती लेथवर कातली आहे. सरावासाठी मित्राचे शेततळे सुचले होते. पण तळाला अंथरलेल्या प्लास्टिकला एक बाण लागला तर पाणी आणि मैत्री दोन्ही जातील, म्हणून तो बेत आम्हीच मोडला. रविवारी तो एका बंद पडलेल्या खाणीच्या पाण्यात दगड बांधून बुडवलेल्या बाटल्यांवर नेम धरतो. परवा दहांत तीन लागल्या. भोईदादांनी त्याला अजून धनुष्य घेऊन नदीवर बोलावलेले नाही; नुसते बसून पाहायला बोलावले आहे, आणि तो जातो.