घर बंद

आमच्या तक्त्यात शेवटून दुसरा रकाना ‘घर बंद’ असा होता. पुण्यात पंख्याखाली बसून तो तक्ता मीच आखला, आणि हा रकाना केवळ रीत म्हणून ठेवला. शहरात नवराबायको दोघेही नोकरीला जातात म्हणून दाराला कुलूप असते. खेड्यात एखादी म्हातारी तरी ओटीवर असायचीच! माझे हे ज्ञान आजोळच्या सुट्ट्यांतून आलेले, आणि आजोळ होते सातारा जिल्ह्यात. जव्हार-मोखाड्यात त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही.

2017 च्या ऑक्टोबरात आम्ही तिथे पोहोचलो. दवाखाना, नर्सबाई, आशाताई, अंगणवाडी या साऱ्या सोयी घरापर्यंत किती पोहोचतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांची प्रकृती कशी आहे, हे पाहायचे होते. हा मुलूख पाहणाऱ्यांना नवा नाही. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालके दगावली, तेव्हापासून काटा घेऊन येणाऱ्यांची रांग सुरू झाली. एका बाईने मला सरळ विचारले, “मागच्यांनी वजन नेलं, त्याचं काय झालं?” मी हसलो. दुसरे काही सुचले नाही म्हणून हसलो.

आमची प्रश्नावली चाळीस पानांची होती. ‘आरोग्य केंद्र घरापासून किती लांब?’ या प्रश्नाला एका गृहस्थाने उत्तर दिले, “जाताना उतार हाय, येताना चढ. कंचं लिवता?” ‘गेल्या आजारपणात खर्च किती?’ याला उत्तर आले, “एक कोंबडी.” कोंबडी भगताकडे गेली होती. रकाना रुपयांचा होता. माझ्या मुलांनी कोंबडीचे दोनशे रुपये धरले. मी तीनशे धरायला सांगितले. अशा रीतीने शास्त्र पुढे सरकत होते.

सर्वांत अवघड काम संमतिपत्राचे. ज्याची पाहणी करायची त्याची लेखी संमती हवी, सही येत नसेल तर अंगठा हवा. नियम उत्तम आहे, माणसाचा मान राखण्यासाठीच केलेला आहे. पण याच डोंगरपट्ट्यात सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमिनी गेल्या. 1945 चा वारल्यांचा उठाव काही उगाच झाला नाही. शाईची डबी उघडली की म्हातारी माणसे हात पदराखाली घेत. आजोबापणजोबांचा अनुभव त्या हातांना पाठ होता. माझ्या छापील आश्वासनापेक्षा मला तोच अधिक खरा वाटे.

दंडाची पट्टी मात्र पोरांना आवडे. हिरवा, पिवळा, तांबडा असे तिचे तीन रंग. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा बारीक भरला तर तांबडा, म्हणजे तीव्र कुपोषण. जव्हारच्या मुकणे राजघराण्याच्या मूळ पुरुषाची एक दंतकथा तिथे सांगतात. त्याने बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, आणि मिळाल्यावर कातड्याची बारीक वादी कापून तिच्या वेढ्यात राज्य बसवले. पट्टी गुंडाळताना मला ती वादी नेहमी आठवे. आमच्या वादीत मावत होता तो एक दंड.

मोखाड्याच्या एका पाड्यावर आमचा एक मुलगा तापाने पडला, म्हणून अर्ज मी स्वतः भरायला बसलो. आई भात कापायला गेली होती. आजी ओटीवर नागली पाखडत होती. नात झोळीत घालून काट्याला टांगली. तिने पाडा डोक्यावर घेतला. वजन भरले नऊ किलो दोनशे ग्रॅम. जन्म कधीचा? आजी गप्प. सण चार दिवसांवर होता, जीप खाली खोळंबली होती, मला पुढचा पाडा गाठायचा होता. मी म्हणालो, “दिवाळीच्या आसपास का?” ती म्हणाली, “हां, दिवाळी.” पंचांग काढून मी 11 नोव्हेंबर 2015 लिहिले. वय तेवीस महिने. तेवीस महिन्यांच्या मुलीला नऊ-दोनशे वजन रेषेच्या वर येते. मी हिरवी खूण केली.

दिवाळीनंतर फेरतपासणीसाठी दहातले एक घर पुन्हा पाहायचे होते. त्यात हे घर आले. गेलो तर पाडा सुना. कुलुपे नव्हतीच, कारवीच्या कुडाच्या घरांना दारात आडवे लाकूड घालून दोरी बांधलेली. यादीतल्या अकरा घरांपैकी सात बंद. आशाताई म्हणाली, “सर, सगळे भट्टीवर गेले. आता पावसाळ्यालाच येतील.”

पहिल्याच आठवड्यात मी मुलांना सांगून ठेवले होते, घर बंद असेल तर शेजारचे घ्या. वेळ वाचतो, आकडा पुरा होतो. आता त्या अंगणात उभा राहिलो तेव्हा त्यातली गोम कळली. जे गेले ते भात चार महिन्यांत संपणारे. जे राहिले त्यांच्याकडे थोडी पाण्याची जमीन, घरात एखादी नोकरी. शेजारचे घर घेतले की रिकाम्या पोटाच्या जागी भरल्या पोटाचे वजन लागते, आणि अहवालात तालुका आपोआप बाळसे धरतो. मी ती शेजारची घरे काढून टाकली. वरिष्ठांना हे रुचले नाही. नमुना लहान झाला, म्हणाले.

आशाताईने टेकडीवर चढून, जिथे फोनला रेंज मिळे तिथून, मुकादमाचा ठावठिकाणा काढला. पुढच्या रविवारी मी भिवंडीच्या पुढच्या वीटभट्टीवर गेलो. आई विटा थापत होती. जन्म विचारताच ती म्हणाली, “दिवाळी कुठली? भट्टीवरच झाली ही. शेवटली भट्टी लावली, पाऊस येईल म्हणून शेठ ओरडत होता, त्याच राती.” म्हणजे मे महिना. ऑक्टोबरात मुलगी एकोणतीस महिन्यांची होती, आणि एकोणतीस महिन्यांना नऊ-दोनशे रेषेच्या खाली जाते. पट्टी लावली, पिवळा रंग आला. तिथल्या कोणत्याही अंगणवाडीच्या वहीत तिचे नाव नव्हते. मी जव्हारच्या कुटीर रुग्णालयाचे नाव सांगितले. आई हाताची माती न पुसता म्हणाली, “उचल घेतली हाय, सायेब. कसं जायचं?”

मी तारीख दुरुस्त केली. ‘पावसाळ्यात पुन्हा भेट’ हा रकाना अर्जात नव्हता, तेव्हा तो मजकूर समासात लिहिला.

मार्चमध्ये काम संपले, जीप परत गेली. जूनमध्ये मी एसटीने गेलो. आशाताईने मुलीचे वजन केले: दहा किलो शंभर. तीन वर्षे उलटलेल्या मुलीला तेही कमीच. ताईने वहीत मे महिना लिहिला आणि जव्हारला न्यायचा दिवस ठरवला. या वेळी आई यायला तयार होती. भट्टी बंद होती.

आजी ओटीवरच होती. मी विचारले, “आजी, तुम्ही दिवाळी का हो सांगितलीत?”

तिने सूप खाली ठेवले. “तूच बोललास दिवाळी,” ती म्हणाली, “म्हणून मी हां बोलले.”