त्वेरची खिचडी

आमचे चिरंजीव वैद्यकी शिकण्यासाठीं रशियांतील त्वेर शहरीं गेल्यापासून राहुरीच्या आमच्या घरांत दोन घड्याळें चालतात. दुसरें अडीच तास मागें असतें. सौभाग्यवतींचा भरंवसा त्यावरच अधिक. चिरंजीव दिवसा रुग्णालयांत रोग्यांशीं मोडक्या रशियनमध्यें बोलतात आणि रात्रीं वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरांत चूल मोकळी होण्याची वाट पाहून खिचडी शिजवितात. येथून नेलेला मसाला संपला, कीं त्यांना घराची विशेष आठवण होते!

ह्या खिचडीवरून आम्हांस अफनासी निकितिन आठवतो. हा त्वेरचाच व्यापारी. पंधराव्या शतकांत एक घोडा घेऊन तो जुन्नरास आला आणि पावसाळ्यांत दोन महिने अडकून पडला. ह्या मुलखांत घोड्यांना खिचडी चारतात, असें त्यानें नोंदवून ठेवलें आहे. चिरंजीवांस हें कळवितांच, "आमची गत निराळी नाहीं," असें उत्तर आलें.

२०२४ च्या जूनमध्यें वेलिकी नोव्हगोरोद येथें शिकणारे जळगांव जिल्ह्यांतील चार विद्यार्थी वोल्खोव नदींत बुडाले. त्वेर तर व्होल्गेच्या कांठीं. तेव्हांपासून सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, नदीचा असतो. "गोठली आहे, आई," असें तो सांगतो. मे महिन्यांतही तेंच सांगतो.

परवां त्यांनीं विचारलें, "तो घोडेवाला सुखरूप घरीं पोंचला ना?"

आम्हीं 'हो' म्हटलें. तो परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्क गांठण्यापूर्वींच वारला होता.